शब्द आणखी कुठे आला आहे, ते पाहा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बायबलातल्या दहा आज्ञांमधल्या 'लो तिर्त्साख' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'मारू नको' की 'खून करू नको', यावरून तुमच्या अभ्यासवर्गात वाद झाला आणि 'मूळ हिब्रूत खूनच आहे' असे एकाने ठणकावताच तू गप्प बसलास. का बसलास? हा शब्द आणखी कुठे आला आहे, एवढेच त्याला विचारायचे होते.

बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाचा 35वा अध्याय उघड. वैर धरून जीव घेणारा तिथे 'रोत्सेआख' आहे, म्हणजे 'तिर्त्साख' ज्यावरून आला त्या 'रात्साख' या क्रियापदाचाच कर्ता, आणि ज्याच्या हातून नकळत माणूस मेला, जो सूड टाळण्यासाठी नेमलेल्या आश्रयाच्या सहा नगरांपैकी एखाद्यात धावत जातो, तोही 'रोत्सेआख'च आहे. 30व्या वचनात तर साक्षीदारांच्या तोंडून गुन्हा शाबीत झाल्यावर खुन्याला दिलेल्या देहदंडालाही तेच क्रियापद लावले आहे. म्हणजे आपला 'खून' हा शब्द अपुरा पडतो. उलट युद्धात शत्रूला मारणे किंवा यज्ञासाठी पशू कापणे यांना हे क्रियापद कधीच लावलेले नाही, त्यामुळे 'मारू नको' फार सैल होते. दोन्ही भाषांतरांना धरून भांडणाऱ्यांनी हा अध्याय शांतपणे वाचलेला नसतो.

मीही वाचला नव्हता. हिब्रू शिकून दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा एका सभेत मी तुझ्या मित्राच्याच आवेशात 'खून'च असे सांगितले. सभा संपल्यावर एका वृद्ध शिक्षिकेने ते तिसावे वचन बोटाने दाखवत पुस्तक माझ्यापुढे धरले. त्या काही बोलल्या नाहीत, मीच कसेबसे काहीतरी उत्तर दिले. त्यानंतर शब्द आणखी कुठे आला आहे हे पाहिल्याशिवाय मी तोंड उघडलेले नाही. लोक याला हटवादीपणा म्हणतात, म्हणोत.

शब्दाचा धातू, म्हणजे मूळ, सापडला की शोध संपला, असेही समजू नकोस. 'आपला बाप व आपली आई यांचा मान राख' यातल्या 'मान राख'साठी मुळात असलेल्या 'कब्बेद'चा धातू जड असण्याचा आहे. संस्कृतात 'गुरु' म्हणजे जड आणि त्यावरूनच 'गौरव' आला, हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू लगेच खूश होशील. पण थांब, शब्दाचा प्रयोग पाहा. बायबलातल्याच 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायातले 9वे वचन परमेश्वराचा 'कब्बेद' आपल्या धनाने आणि पहिल्या पिकाने करायला सांगते. या शब्दात धान्य आहे, पैसा आहे. ही आज्ञा मुख्यतः ज्यांच्या हाती घर आहे आणि ज्यांचे आईबाप थकले आहेत, अशा कर्त्या माणसांसाठी आहे.

हे मला फार उशिरा उमगले. गावी वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी शब्दसूचीच्या कामात बुडालो होतो आणि पत्रातून नमस्कार पाठवत होतो. औषधपाणी धाकट्या भावाने केले. ते काम मध्येच सोडण्यासारखे नव्हते, असे मी आजही म्हणेन. पण महिन्याला थोडे पैसे पाठवता आले असते. पाठवले नाहीत.

वेळ नाही, हिब्रू अवघड आहे, हे मला सांगू नकोस. केडगावात पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींचा एवढा संसार सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. तू निदान गणना 35 मधले 'रात्साख'चे सगळे प्रयोग मूळ अक्षरांत, स्वतःच्या हाताने वहीत उतर. प्रत्येकाशेजारी कोणी कोणाला आणि कसे मारले ते लिही आणि ती पाने मला टपालाने पाठव. वादाचे पुढे पाहू.