अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजच्या समर क्लासेससाठी पेल ग्रँट मिळते का? फॉल-स्प्रिंगची तर संपली

मिळते. (पेल म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फेडरल सरकार देतं ती, परत न करायची मदत.) तुम्ही लिहिलंय की मुलगी न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला आहे, घरात सगळ्यांना ग्रीन कार्ड, कमावणारे तुम्ही एकटे, फॉल आणि स्प्रिंग या दोन्ही सेमिस्टरला तिला पूर्ण पेल मिळाली आणि आता समरला एखादा विषय उरकायचा तर ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की वर्षाची ग्रँट संपली, आता खिशातून भरा. मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते, हे वाक्य दर मे महिन्यात ऐकते. सांगणाऱ्याचीही चूक नाही म्हणा, 2011 मध्ये सरकारने खर्च फार होतो म्हणून समरची जादा पेल बंदच केली होती, ती 2017 मध्ये परत आली, पण आपल्या लोकांत जुनीच माहिती फिरत राहते.

आता नियम असा आहे की एका वर्षात पूर्ण पेलच्या दीडपट, म्हणजे 150 टक्क्यांपर्यंत मिळू शकते. 2025-26 ची जास्तीत जास्त पेल 7,395 डॉलर, म्हणजे पूर्ण वेळ शिकणाऱ्याला एका सेमिस्टरला साधारण 3,697. समरला 12 क्रेडिट, म्हणजे साधारण चार विषय, घेतले तर तेवढेच परत, 6 घेतले तर त्याच्या निम्मे, 1,848 च्या आसपास. आणि इथेच सगळे फसतात. तुम्ही "एखादा विषय" लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगते, जिची वर्षाची 100 टक्के वापरून झालीय तिला जादा पेलसाठी समरला किमान 6 क्रेडिट घ्यावेच लागतात, तीन क्रेडिटचा एकच विषय घेतला तर अर्धे-पाव काही नाही, सरळ शून्य. म्हणजे एक विषय घेतला तर फी तुमच्या खिशातून आणि दोन घेतले तर ग्रँटमधून, ऐकायला विचित्र वाटतं पण आहे तसंच. (जी मुलं वर्षभर कमी क्रेडिट घेतात, समजा दोन्ही सेमिस्टरला 9-9, त्यांची 25 टक्के शिल्लक असते, ती त्यांना एका विषयालाही वापरता येते, त्यांना ही 6 ची अट नाही.)

दोन विषय एकाच वेळी नको असतील तर एक पहिल्या समर सेशनला आणि एक दुसऱ्याला घेता येतो, क्रेडिट एकत्र मोजतात. मात्र दुसरा विषय सुरूच केला नाही तर हिशोब नव्याने होतो आणि मिळालेले पैसे परत मागतात. मध्येच सोडला तरी भानगड आहे, त्यामुळे सोडायचाच असेल तर वेबसाइटवर ड्रॉपचं बटण दाबायच्या आधी आमच्यासारख्या ऑफिसात येऊन विचारा, नंतर आलं की आम्हालाही फार काही करता येत नाही. विषय तिच्या डिग्रीत मोजला जाणारा हवा, मैत्रीण घेतेय म्हणून घेतलेला योगा चालत नाही.

फाफसा, म्हणजे या सरकारी मदतीचा अर्ज, कोणत्या वर्षाचा लागेल हे कॉलेजवर आहे. काही कॉलेजं समर सरत्या वर्षात धरतात, काही येणाऱ्या, म्हणून दोन्ही वर्षांचे भरून ठेवा, फुकट असतात. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालण्यासारखं इथे काही नाही, तुम्ही संमती दिली की टॅक्सची माहिती आयआरएसकडून (इथल्या टॅक्स खात्याकडून) आपोआप येते. ती संमती मात्र तुम्ही तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून द्यायची, मुलीने तुमच्या वतीने टिक करायची नाही. बऱ्याच कॉलेजांत समरच्या मदतीचा वेगळा छोटा फॉर्मही असतो, तो न भरल्यामुळे कितीतरी मुलांची फाइल कुणी उघडतही नाही.

पुढे ती चार वर्षांच्या कॉलेजला गेली आणि समरला स्वस्त पडतं म्हणून इथे परत विषय घ्यायला आली तर पेल एकाच वेळी दोन कॉलेजांतून मिळत नाही, ती तिच्या मूळ कॉलेजातून यावी लागते आणि त्यासाठी दोन्ही कॉलेजांत कन्सॉर्शियम अॅग्रीमेंट (आपसातला करार) लागतं. ते व्हायला वेळ लागतो, एप्रिलमध्येच मागा.

अजून एक, आयुष्यभराची पेल 600 टक्केच असते, साध्या हिशोबाने सहा वर्षं. दरवर्षी समर धरून 150 टक्के वापरली तर चार वर्षांत संपते. डिग्री चारात होणार असेल तर बिनधास्त वापरा, मी तर म्हणेन वापराच, पण तिचं मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) अजून दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर जरा जपून. आत्तापर्यंत किती टक्के वापरलेत ते स्टुडंटएड डॉट गव्ह वर तिच्या खात्यात दिसतं.

एच-फोर (वर्क व्हिसावाल्यांचे कुटुंबीय) किंवा एफ-वन (स्टुडंट व्हिसा) वाल्यांना यातलं काही लागू नाही, कारण फेडरल मदत सिटिझन, ग्रीन कार्ड आणि असायलम मिळालेल्यांसारख्या काही गटांनाच आहे. तेव्हा कृपया खाली कमेंटमध्ये तेच परत विचारू नका.