टिपणवहीतलं हवं तेव्हा सापडावं म्हणून

प्रश्न : पुस्तकातले आवडलेले उतारे मी वहीत उतरवते. वह्या भरल्या, पण हवा तो उतारा सापडत नाही आणि पुस्तकाबद्दल कुणी विचारलं तर चार वाक्यं बोलता येत नाहीत. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उतारा जसाच्या तसा उतरवताना हात चालतो, विचार थांबतो. म्हणून वाचताना फक्त समासात पेन्सिलीची खूण करा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिठ्ठी घाला. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून, लेखकाचं म्हणणं तीन-चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. मग उघडून ताडून पाहा. जिथे अडलात, तेवढाच भाग पुन्हा वाचा. मूळ वाक्य घ्यायचंच तर एखाद-दुसरं, अवतरणचिन्हांत, पान क्रमांक आणि आवृत्तीच्या वर्षासह. नव्या आवृत्तीत पानं बदलतात. अवतरणचिन्हं राहिली, तर वर्षभराने ते वाक्य लेखकाचं की आपलं, हे कळत नाही. लिहिणाऱ्यांच्या हातून नकळत उचलेगिरी होते ती बऱ्याचदा अशीच.

आता सापडण्याचं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८६मध्ये टिपणवहीच्या सूचीची एक पद्धत प्रसिद्ध केली : विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर, अशा जोडीखाली पान क्रमांक नोंदवायचा. मराठीत तर ही जोडी बाराखडीत तयारच आहे! २०० पानी वहीला स्वतः क्रमांक घाला आणि पहिली चार पानं सूचीला ठेवा : एकावर स्वर व क-वर्ग, दुसऱ्यावर च, ट आणि त वर्ग, तिसऱ्यावर प-वर्ग, चौथ्यावर य ते ह. प्रत्येक टिपणाला समासात एक विषय द्या आणि त्याच दिवशी सूचीत चढवा : ‘पा – पाऊस १२, ४७’. जोडाक्षर असेल तर त्यातलं पहिलं व्यंजन धरा, ‘प्रवास’ प-खाली.

सूची बिघडते ती दोन कारणांनी. एकच विषय कधी ‘मरण’, कधी ‘मृत्यू’ म्हणून नोंदला जातो. एक शब्द ठरवा आणि दुसऱ्यापुढे ‘पाहा : मरण’ लिहा. दुसरं, ‘जीवन’सारख्या ऐसपैस शब्दाखाली सगळंच जमा होतं. ‘शेजार’, ‘उधारी’, ‘म्हातारपण’ असे नेमके शब्द घ्या.

प्रश्न : रोजनिशी लिहायला बसलो की ‘आज विशेष काही नाही’ यापुढे जात नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ‘छान’, ‘कंटाळवाणा’ ही विशेषणं काही दिवस बंद ठेवा. तारीख, वार, गाव लिहून फक्त तीन गोष्टी टिपा : कानावर पडलेलं एक वाक्य, बोलीसकट, जसंच्या तसं, विकत घेतलेल्या एका वस्तूचा भाव, कालच्यापेक्षा बदललेलं काहीतरी. ‘आईशी वाद झाला’ यातून पुढे काहीच आठवणार नाही. ‘दूध उतू गेलं, त्यावरून आई म्हणाली, तुझं लक्ष घरात नसतंच’ यातून सगळा प्रसंग उभा राहतो. त्या दिवसाचं मोल काय होतं हे लगेच ठरवायची गरज नाही. सहा महिन्यांनी वाचताना काय महत्त्वाचं होतं ते तुमचं तुम्हालाच दिसतं.

छापील डायरीऐवजी साधी वही घ्या. कोरी राहिलेली तारखेची पानं पाहूनच बहुतेकांचं लिहिणं सुटतं. खाडा झाला तर मागचं भरत बसू नका, आजची तारीख घाला. आणि कोकणातल्या दमट हवेत पाण्यात विरघळणारी शाई पसरते. साधं बॉलपेन बरं. वह्या भिंतीला न टेकवता ठेवा, पावसाळ्यानंतर उघडून वारा द्या, म्हणजे बुरशी आणि कसर कमी लागते.