नवी प्रणाली आणताना जुने सहकारी विरोध करतात. त्यांची मानसिकता कशी बदलावी आणि स्वतः खंबीर कसे राहावे?

आपल्या प्रश्नातील ‘मानसिकता’ हा शब्द वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण माझ्या एका वार्षिक गोपनीय अहवालात ‘बदलास अनुकूल मानसिकता नाही’ असे लिहिले गेले होते.

मी तेव्हा एका कारखान्याच्या भांडार विभागात होतो. आमच्या आवक नोंदवहीतील शेवटचा रकाना शेऱ्याचा असे आणि तो पेन्सिलीने भरला जाई, कारण तो मजकूर तात्पुरता असे: ‘माल उतरवला, मोजणी बाकी’, ‘दोन खोकी ओली’, ‘तपासणीनंतर घेणे’. तपासणी झाली की शेरा खोडून शाईने आकडा लिहायचा आणि मगच माल साठ्यात धरायचा, असा शिरस्ता होता. नव्या प्रणालीत तो रकानाच नव्हता. चलन क्रमांक आणि नग भरून बटण दाबले की माल साठ्यात जमा. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मी उभा राहून विचारले की तपासणी बाकी असलेला माल कुठे दाखवायचा. साहेब म्हणाले, “तुम्हाला अजून पेन्सिलच हवी आहे का?” सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर मी गप्प बसलो. पडद्यावरचा साठा आणि फडताळावरचा माल जुळत नाही, हे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले होते. तरी मी काही बोललो नाही, उलट फजितीची वाट पाहत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात उत्पादन विभागाने पडद्यावरच्या आकड्याच्या भरवशावर काम लावले, प्रत्यक्षात तो माल तपासणीत नापास होऊन कोपऱ्यात पडला होता, एक पाळी वाया गेली आणि जाब विचारला गेला तो नोंद करणाऱ्या सर्वांत कनिष्ठ मुलाला.

‘लोकांना बदल नकोच असतो’ हे साहेबांचे लाडके वाक्य होते. अमेरिकेतील हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात कोच आणि फ्रेंच या दोन अभ्यासकांनी केलेला, १९४८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यांना कुणी दाखवायला हवा होता. तेथे कामाची पद्धत बदलताना एका गटाला बदल नुसता कळवला गेला, तर इतर गटांना प्रतिनिधींमार्फत किंवा थेट, तो ठरवण्यातच सामील करून घेतले गेले. नुसते कळवलेल्या गटाचे उत्पादन घसरले ते सावरले नाही आणि पहिल्या ४० दिवसांत त्यातील १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. पूर्ण सहभाग मिळालेले गट लवकर पूर्वपदावर आले आणि पुढे त्याही वर गेले. कारखाना तोच, माणसे त्याच तऱ्हेची. मग दोष मानसिकतेचा कसा? आमच्याकडे प्रणाली निवडताना भांडारातल्या एकालाही विचारले गेले नव्हते. वेळ नव्हता, असे साहेब सांगत. पुरवठादारांशी घासाघीस करायला मात्र कित्येक महिने मिळाले होते.

तेव्हा मानसिकता बदलण्याचा नाद सोडा. विरोध करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे बसवून एवढेच विचारा की जुन्या पद्धतीत तुम्ही असे काय करता, जे नव्या पद्धतीत करता येणार नाही. आणि उत्तर त्याच्यासमोर लिहून घ्या. ती यादी प्रणाली पुरवणाऱ्यांकडे पोहोचेपर्यंत जुनी वही बंद करू नका. दुहेरी नोंदीचा त्रास होतो हे खरे, पण तो वाया गेलेल्या पाळीहून स्वस्त पडतो.

अर्थात सगळाच विरोध इतका सोज्ज्वळ नसतो. माझ्या विरोधात कळफलकाची भीतीही मिसळलेली होती. कनिष्ठांनी मला अक्षरे शोधताना पाहू नये म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत एकटा सराव करीत असे, आणि कुणी तसे विचारले असते तर मी साफ नाकारले असते. शिवाय सहभाग दिला की उत्पादन वाढतेच असेही नाही; नॉर्वेतील पादत्राणांच्या एका कारखान्यात झालेल्या, १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तशाच प्रयोगात उत्पादनात तसा फरक आढळला नाही.

स्वतः खंबीर राहण्याविषयी सल्ला देण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची मला शंका वाटते. एकदा हसे झाल्यावर दुसऱ्यांदा तोच प्रश्न लेखी, तारीख घालून मांडणे मला जमले नाही; अहवालात आणखी एक ओळ वाढली असती, याहून अधिक काही बिघडले नसते. पुढच्या वर्षी प्रणालीत ‘तपासणी बाकी’ असा पर्याय आला. त्या मुलाची मी माफी मागायला गेलो तेव्हा त्याने विभाग बदलून घेतला होता, आणि मला आधीपासून सगळे दिसत होते हे त्याला ठाऊक होते.