अकरा सॉरी आणि एक सॉलिसिटर

"मॅडम, तुमच्या ओळखीत कोणी चांगला सॉलिसिटर आहे का?"

सॉलिसिटर म्हणजे घराच्या व्यवहाराचं कायदेशीर काम पाहणारा इथला वकील. मी समुपदेशक आहे, घरं विकत नाही. तरी इंग्लंडमधल्या रेडिंग, स्लाव, हाउन्स्लो या भागातल्या मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की आता मला हसूही येत नाही. माणसं येतात झोप लागत नाही म्हणून, घरात अबोला आहे म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं की घर घ्यायचं चाललंय आणि गाडी सॉलिसिटरवर अडली आहे.

यात त्यांचा दोष कमी. इंग्लंड-वेल्समध्ये घराची ऑफर मान्य झाली म्हणून कोणी कोणाला बांधील होत नाही. करारांची अदलाबदल, म्हणजे इथल्या बोलीत 'एक्स्चेंज', होईपर्यंत विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि घेणाराही मागे फिरू शकतो. (स्कॉटलंडची पद्धत निराळी, तिथले अनुभव इथे लावू नका.) हा अधांतरी काळ तीन-चार महिने सहज चालतो. तेवढे दिवस आपली दोरी अशा माणसाच्या हातात असते, ज्याचं तोंडही पुष्कळांनी पाहिलेलं नसतं.

अमेय आणि सायली माझ्याकडे आले ते याच अवस्थेत. नावं आणि ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. तो मूळचा नाशिकचा, सॉफ्टवेअरमधला. ती इथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. दोन घरं हातची गेली होती. दोन्ही वेळा ऑफर मान्य झाली, एजंटनं सॉलिसिटरचं नाव मागितलं आणि अमेयनं ते द्यायला तीन आठवडे लावले. विकणारे थांबले नाहीत.

"तीन आठवडे काय करत होतात?" मी विचारलं.

त्यानं लॅपटॉप उघडला. चौदा फर्म, बावीस रकाने. फी, व्हॅट, सर्चचा (म्हणजे घर-जमिनीबद्दलच्या अधिकृत नोंदी तपासण्याचा) खर्च, ग्राहकांचे तारे, ऑफिसचं अंतर, सगळं रंगवलेलं.

"यातून उत्तर निघतंच नाही," तो म्हणाला. "मला फक्त खात्री हवी आहे, की हा माणूस फसवणारच नाही, काही सुटणारच नाही."

"आणि मी म्हणते, एजंटनं सुचवलेला घे की," सायली म्हणाली. "नाहीतर मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीचा. पण ओळखीचा म्हटलं की याचं डोकंच फिरतं."

आमच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या घराण्यात 'च' या एका अक्षराकडे फार बारकाईनं पाहतात. 'फसवणूक होऊ नये' ही इच्छा झाली, आणि ती शहाणपणाची आहे. 'होताच कामा नये' म्हटलं की ती जगाला घातलेली अट होते, आणि जग असल्या अटी पाळत नाही. हे मी अमेयला समजावलं. त्याला ते लगेच पटलंही. पुढच्या भेटीला तो आला तेव्हा तक्त्यात तेविसावा रकाना होता. बुद्धीला पटणं आणि माणसाला पटणं यांतला फरक इतक्या वर्षांनंतरही मी अधूनमधून विसरते.

म्हणून तिसऱ्या भेटीत मी नाटक काढलं. "मी सॉलिसिटरच्या ऑफिसातली बाई. तुम्ही फोन करा. ट्रिंग ट्रिंग."

अमेय रोज ऑफिसात तीस-तीस माणसांच्या मीटिंगा चालवतो. पण या खोट्या फोनवर त्याचा आवाज खाली गेला. सॉरी, तुमचा फार वेळ घेत नाही. सॉरी, हा प्रश्न कदाचित मूर्खपणाचा असेल. सॉरी, फीमध्ये सर्च धरलेत का, नाही, राहू दे, मी वेबसाइटवर बघतो.

सात मिनिटांत नाटक संपलं. मी कागदावर रेघा मारत होते. "अकरा," मी म्हटलं. "अकरा वेळा सॉरी."

सायली हसली. अमेय हसला नाही.

आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी खरं तर पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. २०१८ च्या डिसेंबरपासून इंग्लंड-वेल्समधल्या सॉलिसिटरांना घराच्या व्यवहाराची फी वेबसाइटवर छापावी लागते. त्यांच्या नियामक संस्थेचाच तसा नियम आहे. त्यामुळे अमेयचा तक्ता घरबसल्या भरत गेला. पण त्या तेवीस रकान्यांत असा एकही रकाना नव्हता, जो भरायला फोन उचलून माणसाशी बोलावं लागलं असतं.

मी ते तसंच त्याला सांगितलं. खोलीत बराच वेळ शांतता होती. अशा शांततेत आपण बोलायचं नसतं, एवढं मी नक्की शिकले आहे.

मग तो म्हणाला, "बाबांनी विचारलं नव्हतं."

१९९८ साली त्याच्या वडिलांनी नाशिकबाहेर एक प्लॉट घेतला. वकील गावाकडचे, नात्यातले, वयानं मोठे. वडील त्यांना 'वकीलसाहेब'च म्हणायचे. सातबाऱ्यावर एक नाव जास्तीचं होतं, ते वडिलांच्या नजरेलाही पडलं होतं. पण वकीलसाहेब म्हणाले, सगळं बघितलंय, करा सही. त्यांनी केली. तोच प्लॉट आधी दुसऱ्याला विकलेला निघाला. नंतर आईनं विचारलं तेव्हा वडील एवढंच बोलले, "एवढ्या मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं?"

"म्हणून मला ओळखीचा माणूस नको," अमेय म्हणाला.

"ओळखीनं घात केला, की न विचारल्यानं?"

त्यानं मान वर केली. मी फारशी म्हणी वापरणारी बाई नाही, पण त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "भीड ही भिकेची बहीण."

मराठी माणसाची भीती मी आजवर फसवणुकीची समजत आले होते. त्या दुपारी कळलं की तिच्या पोटात पुष्कळदा भीड असते. ज्याला विचारता येत नाही, त्याला आधीच खात्री लागते, कारण एकदा काम सोपवलं की तोंड मिटलं जाणार हे त्याला आतून ठाऊक असतं. हे सूत्र मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नाही, त्यामुळे ते माझंच असं मानायला हरकत नसावी. त्यानंतर सॉलिसिटर शोधणाऱ्या प्रत्येकाला मी एकच कसोटी सांगते: या माणसाला तुम्ही भाबडा प्रश्न विचारू शकता का, आणि विचारल्यावर तो कसा वागतो?

अमेयला गृहपाठ दिला. तीन फर्मना फोन, प्रत्येकीला चार प्रश्न, त्यातला एक वेडगळ वाटणारा. सॉरी शून्य.

बाकीचे तीन प्रश्न आम्ही मिळून काढले. माझी फाइल नक्की कोण पाहणार, आणि ते रजेवर गेले तर कोण? तुम्ही माझ्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, आहात का? (नसाल तर बँकेसाठी दुसरा वकील लागतो, खर्चही वाढतो.) आणि सांगितलेल्या फीच्या बाहेर काय काय आहे? इथे फसगत होते ती बहुधा या तिसऱ्या प्रश्नावर. जाहिरातीतल्या आकड्यात पुष्कळदा व्हॅट नसतो, सर्च नसतात, घर लीजहोल्ड (म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचं) असेल तर त्याचे जादा पैसे नसतात, भेटीदाखल आलेल्या रकमेच्या तपासणीचेही कधीकधी नसतात.

एजंटच्या माणसाबद्दल सायलीशी वेगळं बोलले. एजंटला पैसे विकणारा देतो, हे विसरायचं नाही. त्यानं सुचवलेला सॉलिसिटर वाईटच असेल असं नाही, कधी काम झपाट्यानंही होतं. पण सुचवण्याबद्दल त्याला कमिशन मिळत असेल तर ते त्यानं सांगायला हवं. किती मिळतं ते सरळ विचारा. तोच सॉलिसिटर घ्यायची सक्ती नाही. आणि विकणाऱ्याचा वकील आपलाही असावा, ही काटकसर नको.

सॉलिसिटरच हवा का, हाही प्रश्न येतो. मुख्यतः घरांचे व्यवहार करणारे लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही असतात, त्यांची नियामक संस्था वेगळी, आणि साध्या व्यवहाराला ते पुरेसे आहेत. घटस्फोट, वारसाहक्क, भावाभावांतला वाटा असं काही गुंतलं असेल तर मात्र सॉलिसिटर बरा. नाव नियामक संस्थेच्या यादीत आहे का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. अमेयनं ते चौदाही जणांचं पाहिलं होतं, अर्थात.

आणि जवळचा की लांबचा? कागद सगळे ईमेलवर जातात, त्यामुळे न्यूकॅसलमध्ये बसलेला माणूसही रेडिंगचं घर करून देतो. जवळच्या माणसाचा फायदा दोन ठिकाणी होतो. पासपोर्ट घेऊन समोर जाऊन बसता येतं, आणि त्याला पायाखालची जमीन ठाऊक असते. अमेयचा वेडगळ प्रश्न नेमका त्यावरच होता: "आमच्या घराखाली पोकळी असेल तर कुणाला कळेल?"

पहिल्या फर्मनं सांगितलं, सर्चमध्ये येईल ते येईल. दुसरीनं उलट फोन केलाच नाही. तिसरी रेडिंगमधलीच, बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी विचारलं, रस्ता कोणता? मग म्हणाल्या की रेडिंगखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत, २००० साली फील्ड रोडवर त्यामुळेच जमीन खचली होती, त्या बाजूच्या घरांना आम्ही जमिनीचा वेगळा सर्च मागवतो. आणि वर बजावलं की सर्च म्हणजे कागद, भिंतीची ओल पाहायला सर्व्हेअर वेगळा लावा.

फी चौदांमध्ये पाचव्या क्रमांकाची होती. अमेयनं त्याच संध्याकाळी होकार कळवला.

घर विकणाऱ्यांनाही मी हेच सांगते, फक्त जरा आधी. पाटी लागायच्या आधीच सॉलिसिटर ठरवा. घराच्या माहितीचा फॉर्म भरायला लागतो. शेजाऱ्याशी झालेला वाद, पूर, परवानगीशिवाय पाडलेली भिंत, सगळं त्यात लिहायचं असतं. तिथेही भीड घात करते.

आणखी एक, कारण यात माणसं आयुष्याची पुंजी घालवतात. पैसे भरायच्या आदल्या दिवशी "आमचा बँक खातेक्रमांक बदलला आहे" असा ईमेल आला तर तो खरा मानू नका. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा, त्याच बाईंचा आवाज ऐका, मग पाठवा.

पुढे एक छोटं वादळ झालंच. डिपॉझिटमध्ये वडिलांचे पैसे होते, निफाडकडची जमीन विकून आलेले. भारतातून माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळे रकमेची अडचण नव्हती. पण सॉलिसिटरबाईंनी पैसा आला कुठून याचा पुरावा मागितला: खरेदीखत, बँकेचा उतारा, इंग्रजी भाषांतर. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली त्यांना ते मागावंच लागतं. वडील फोनवर कडाडले, "माझ्या पैशाचा हिशेब मागणारी ही कोण?"

अमेयनं मला विचारलं, बाबांना काय सांगू?

मी म्हटलं, "त्यांना सांगा, ती विचारते. तुम्ही विचारलं नव्हतंत, ती विचारते. आणि त्यांनाही काही विचारायचं असेल तर विचारू दे."

तो हे शब्द जसेच्या तसे बोलला नसणार, बोलूही नयेत. पण आठवड्याभरात नाशिकहून कागद आले. सोबत वहीच्या पानाचा फोटो, त्यावर वडिलांच्या हातचे नऊ प्रश्न. अमेयनं सगळ्यांचं इंग्रजी करून पाठवलं, एकही न गाळता. पहिला प्रश्न होता: 'सदर घर यापूर्वी अन्य कोणास विकलेले नाही ना?'

बाईंनी लँड रजिस्ट्रीचं पान जोडून पाठवलं. मालकाच्या नावाखाली पिवळी रेघ ओढली होती.