क्वार्टेटमध्ये कविता बुडतेय, काय करू?

प्रश्न: मी स्पोकन वर्ड करते, म्हणजे स्वतःच्या कविता स्टेजवर बोलते. सध्या एका स्ट्रिंग क्वार्टेटबरोबर, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं) आणि एक चेलो (त्याहून मोठं, आणखी खालच्या सुराचं) अशा चौघांबरोबर, पाऊण तासाचा प्रयोग बसवतोय. रिहर्सलचं रेकॉर्डिंग ऐकलं तर अर्धे शब्द गिळलेले वाटतात, चौघं अगदी हळू आवाजात वाजवतात तरीही. आणि इतकं हळू वाजवलं की ते म्युझिक नुसतं मागे लावून ठेवल्यासारखं होतं, त्यांनाही मजा येत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: हळू वाजवून हे सुटणार नाही, कमी वाजवून सुटेल. बोलताना बाईच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण 165 ते 255 हर्ट्झच्या आसपास असतो, पुरुषाचा 85 ते 180, आणि चेलोची सगळ्यात खालची तार 65 ला लागते, व्हियोलाची 130 ला, आणि दोघंही तिथून वर चढत जातात, म्हणजे तुम्ही जिथे बोलता त्याच जागेत हे दोघं ठाण मांडून बसलेत. वरच्या बाजूला व्हायोलिन 'स', 'च', 'त' यांच्या अंगावर येतं, आणि शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. बो, म्हणजे तारेवर घासायची काठी, ओढून धरलेला सूर कितीही बारीक असला तरी त्याला फट नसते, शब्द शिरणार कुठून? म्हणून चौघांनी जपून वाजवण्यापेक्षा एकानेच मोकळेपणी वाजवावं, बाकीच्यांनी थांबावं. पिझिकाटो, म्हणजे बोटाने छेडलेली तार, पटकन विरते, तिच्यामागे भरपूर जागा राहते. संगीतकार शोनबर्गच्या 1912 च्या 'पियेरो लुनेर' या आवाज आणि वाद्यांसाठीच्या रचनेत 21 कविता आहेत आणि वादक पाच, पण वाद्यांची जोडणी सारखी बदलत राहते, सातव्या कवितेत तर आवाजाबरोबर फक्त एक बासरी आहे, आणि तिथे कान कसा टवकारतो ते एकदा ऐकाच.

आता मागे लावल्यासारखं का होतं, तर बहुतेक वेळा म्युझिक कवितेचंच म्हणणं पुन्हा सांगत असतं. समजा ओळ आहे, 'आई गेली त्या दिवशी घड्याळ चालूच होतं'. चेलोवाला लगेच टकटक सुरू करणार, आणि मला ते अजिबात नको वाटतं, घड्याळ शब्दाने दाखवलंय ना! त्यापेक्षा 'दिवशी'पर्यंत चौघं वाजवत येऊ देत, तिथे सगळे बो तारेवरून उचला, उरलेली ओळ कोरड्या शांततेत बोला, आणि 'होतं' संपल्यावर, तुम्ही श्वास घेतल्यावर, एकट्या व्हियोलाने सूर धरावा. तो सूर आता कवितेची पुढची ओळ आहे, आणि वाजवणाऱ्यालाही ते कळतं.

हे जमायला शब्द मात्रांना बांधू नका. तसं लिहिलेलं कामही आहे, पण त्यात बोलणाऱ्याला लय वाचता यायला लागते, आणि स्पोकन वर्डमध्ये समोरचे हसले, गप्प झाले की तुमचा वेग बदलणारच. वादकांच्या स्कोअरवर, म्हणजे स्वर लिहिलेल्या कागदावर, कवितेचे शब्द लिहा आणि क्यू, म्हणजे थांबायची किंवा सुरू व्हायची खूण, शब्दावर द्या: 'दिवशी' ऐकलं की थांबायचं, तोवर तोच तुकडा फिरवत राहायचा. रिहर्सलमध्ये शब्द बदलायची सवय असेल तर निदान क्यूचे शब्द तरी पक्के ठेवा, नाहीतर ते बिचारे वाट बघत बसतील.

आणि उभं कुठे राहायचं हे फार महत्त्वाचं आहे. पुढे एकटं, त्यांच्याकडे पाठ करून नको. अर्धगोलाच्या टोकाला, पाचव्या वादकासारखं उभं राहा, म्हणजे पहिलं व्हायोलिन वाजवणारीला तुमचा श्वास दिसेल, तुम्हाला तिचा खांदा दिसेल. चेंबर म्युझिकवाले, म्हणजे असे मोजके वादक मिळून वाजवणारे, एकमेकांचे श्वास बघूनच एकत्र सुरू होतात, तुम्हीही त्यात या.

प्रश्न: माइक घ्यावा का, आणि कागद हातात चालेल?

उत्तर: छोट्या हॉलमध्ये आधी बिनमाइकचं करून बघा, एकाला शेवटच्या रांगेत बसवून. लागलाच तर घ्या, त्यात कमीपणा नाही, संगीतकार वॉल्टनच्या 'फसाड' या कविता आणि वाद्यांच्या रचनेच्या 1923 च्या प्रयोगात कवयित्री ईडिथ सिटवेल पडद्यामागून मेगाफोनमधून बोलल्या होत्या. फक्त स्पीकर तुमच्या जवळच ठेवा, नाहीतर वाद्यं स्टेजवरून आणि शब्द भलत्याच कोपऱ्यातून येतात, मग दोन वेगळे कार्यक्रम चाललेत असं वाटतं. कागद स्टँडवर चालेल, वादकांसमोरही असतोच की, पण क्यूच्या ओळी पाठच हव्यात, कारण त्या क्षणी नजर त्यांच्याकडे लागते.