कंसातल्या घड्या

प्रिय मावशी,

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत. त्याला हाताने चार कामं करता यावीत म्हणून मी काय केलं नाही? साबण बनवायचं किट आणलं, छोटी मोटार जोडायचं किट आणलं, सुट्टीत शिबिराला घातलं. फ्रिजवर कामांचा तक्ता लावला, काम केलं की एक चांदणी. पहिले पंधरा दिवस उड्या मारत केलं. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचं काम तर त्याने स्वतःहून मागून घेतलं (अर्थात तो झोपला की मला त्या परत घालाव्या लागायच्या, तो नुसते बोळे करून ठेवतो). आता मात्र कशालाच हात लावत नाही. वर उलट बोलतो. परवा म्हणाला, 'तूच कर ना, तसंही तू परत करणारच आहेस.' हे म्हणतात, सोड, मोठा झाला की शिकेल. माझी बँकेतली नोकरी, सारखं मागे लागायला वेळ नसतो. त्याला कामाची गोडी कशी लावू?

एक आई, नाशिक

अगं, वयाने मी तुझ्या आईच्या बरोबरीची असेन, म्हणून अहो-जाहो करत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. किट, शिबिर, तक्ता, सगळं तू सविस्तर लिहिलंयस. माझं मन मात्र त्या कंसात अडकलं. 'तो झोपला की मला त्या परत घालाव्या लागायच्या.' इतकी मोठी गोष्ट तू कंसात घातलीस, वर 'अर्थात' लावलंस आणि पुढे गेलीस. मी नाही पुढे जाऊ शकले.

सकाळी त्या घरात काय होत असेल ते माझ्या डोळ्यांसमोर येतं. शाळेची घाई. पोरगं कपाट उघडतं. काल संध्याकाळी पलंगावर गुडघे टेकून त्याने टॉवेलची घडी घातली होती. एक कोपरा बाहेर आला, तो त्याने हाताने दाबून आत ढकलला. आता तोच टॉवेल चारी बाजूंनी सरळ आहे. बनियनांची चळत वेगळ्याच क्रमाने लागली आहे. कुणी काही बोललेलं नाही. आई डबा भरते आहे, हसून 'आवर लवकर' म्हणते आहे, फ्रिजवर त्याची चांदणी चमकते आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही असं तुला खरंच वाटलं? आपल्या हातची घडी ओळखता येते गं. पहिल्याच आठवड्यात त्याने ओळखली असणार. तरी पंधरा दिवस तो घालत राहिला.

आणि मग एक दिवस त्याने ते तुला सांगितलं: 'तसंही तू परत करणारच आहेस.' याला तू उलट बोलणं म्हणतेस. त्याने जे रोज पाहिलं तेच तो बोलला. इतक्या सरळ शब्दांत बोलला की ते तुझ्या पत्रातही जसंच्या तसं उतरलं, आणि तरी तुझ्या ध्यानात आलं नाही. मला राग आला, तो इथे. त्या चांदणीचाही आला. वर शाबासकी आणि रात्री दुरुस्ती, हे लेकराने जुळवायचं कसं? तो आळशी झाला नाही. त्याचं काम कुणाच्या कामाचं नव्हतं हे त्याला समजलं आणि त्याने हात आखडता घेतला. मोठ्या माणसानेही हेच केलं असतं. बँकेत तू दिवसभर बसून केलेलं काम कुणी रोज संध्याकाळी न सांगता पुसून पुन्हा केलं, तर किती दिवस मन लावून करशील?

नोकरीचं कारण मला सांगू नकोस. परत घड्या घालायला तुला वेळ मिळत होताच.

आता त्या किटबद्दल. वाईट नसतात ती. पण त्यातल्या साबणाची घरात कुणी वाट बघत नव्हतं. सगळं मोजून पुडीत भरलेलं, चुकायला जागा नाही आणि साबण नाही झाला तरी कुणाची आंघोळ अडत नाही. घड्यांचं तसं नव्हतं. सकाळी बाबांना बनियन लागते, तुला ओढणी लागते. ते घराचं खरं काम होतं, आणि ते त्याने मागून घेतलं होतं. शिबिराचे पैसे भरून जे मिळत नाही ते फुकट चालून आलं होतं.

पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केलेला. तिथली पद्धत अशी की मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती शिकायची ती गावाला लागणारी खरी कामं करता करता. कुणाला फाटक हवं, कुणाला बाक हवा. ते वापरणारं माणूस समोर असतं, म्हणून सांधा घट्ट बसला पाहिजे हे मुलाला आपोआप पटतं.

आणि इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाई. 1907 साली रोममध्ये त्यांनी बालशाळा काढली, तिथे लहान मुलांच्या हाती काचेची आणि चिनीमातीची भांडी दिली. पडली तर फुटणारी. चूक मोठ्यांनी दाखवायची नाही, ती वस्तूच दाखवते, हा त्यामागचा विचार. तुझ्याकडे तो टॉवेल हेच काम करणार होता. वाकडी घडी चळतीवर बसत नाही, घसरते. चार दिवस घसरली असती, पाचव्या दिवशी त्याने कोपऱ्याला कोपरा लावला असता. तुझ्या रात्रीच्या हातांनी टॉवेलला बोलूच दिलं नाही.

मी त्याच्याएवढी असताना एका संध्याकाळी आई तापाने झोपली होती, म्हणून मी वरण केलं. मीठ दोनदा पडलं. वडिलांनी पहिला घास घेतला, भात आणखी वाढून घेतला, त्यात वरण कालवून सगळं संपवलं आणि हात धुवायला उठले. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी आई उठून बसली होती, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, 'आजचंही तूच कर, मीठ शेवटी घाल, घालण्याआधी चाखून बघ.' माझ्या वरणात चोरून पाणी ओतून कुणी ते सारखं केलं असतं तर मला आजही मिठाचा अंदाज नसता.

तेव्हा तू एकच गोष्ट करायची. आज त्याच्याजवळ बस आणि सांग, 'तू झोपल्यावर मी तुझ्या घड्या मोडून परत घालत होते. माझं चुकलं. आता नाही घालणार.' एवढंच. 'पण तूसुद्धा' असं पुढे जोडायचं नाही. 'तुला नीट जमत नव्हतं म्हणून' हेही नाही. तो कदाचित काही बोलणार नाही, खांदे उडवून खेळायला जाईल. जाऊ दे. ऐकलेलं असतं.

आणि मग शब्द पाळायचा. बोळा तर बोळा, तुला तो शर्ट चुरगळलेलाच घालावा लागला तर घाल. पाहुण्यांची काळजी वाटत असेल तर पाहुणे कपाट उघडत नाहीत. त्याला शिकवायचं असेल तर त्याच्या घडीला हात न लावता तुझा स्वतःचा टॉवेल घे, त्याच्याशेजारी बसून सावकाश घाल, किनारीला किनार लावून, मधून तळहात फिरवून. शर्टाचं वरचं आणि खालचं बटण आधी लावलं की शर्ट सरकत नाही, हे तो तुझ्या हाताकडे बघून घेईल. तोंडाने काही सांगू नकोस. तो तक्ता काढून टाक.

महिन्याभराने तो दुसरं काही मागेल. माझा अंदाज, कणीक. मुलांना कणीक फार आवडते. दोन वाट्या पिठाला साधारण वाटीभर पाणी लागतं, पण पीठ कसं दळलंय त्यावर ते कमी-जास्त होतं. पाण्याचं भांडं त्याच्या हातात दे. तो सगळं एकदम ओतेल, परातीत चिखल होईल, बोटं चिकटतील, आणि तो तुझ्याकडे बघेल. तेव्हा तुझे हात पाठीमागे. 'पिठाचा डबा तिथे आहे' एवढं म्हण. तो मूठभर पीठ घालेल, मग आणखी, आणि दोघांपुरती मळायला घेतलेली कणीक चौघांची होईल. वीस मिनिटं झाकून ठेवली की तीच कणीक हाताला मऊ लागते. हे त्याला झाकण उघडून स्वतः बोट लावून कळलं पाहिजे. पोळ्या वातड झाल्या तर चावून खा. यजमानांनाही सांगून ठेव, ताटावर तोंड वाकडं करायचं नाही.

गॅस, सुरी, इस्त्री यांच्यापाशी मात्र उभी राहा आणि धोका दिसला तर हात धर. तिथे त्याला वाईट वाटलं तरी चालेल. टॉवेलने कुणाला भाजत नाही.

आज रात्री तो झोपल्यावर खोलीत गेलीस, तर अंगावरचं पांघरूण सारखं कर. कपाट उघडू नकोस.

मावशी