न्यूमोनियातला मुका ‘पी’

प्रश्न असा आहे: मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता अकरावी सायन्सला आहे आणि बायोलॉजीचे शब्द तिच्या तोंडात बसत नाहीत. ‘न्यूमोनिया’चं स्पेलिंग पीपासून सुरू होतं, तो म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला? आणि असले शब्द अर्थासकट लक्षात कसे ठेवायचे?

आधी त्या पीचं बघू. शब्द मुळात ग्रीक. ग्रीक लोक शब्दाच्या सुरुवातीचे ‘प्न’, ‘प्स’, ‘प्ट’ खणखणीत म्हणत. इंग्रजांच्या जिभेला ते जमेना, म्हणून त्यांनी उच्चार टाकला आणि स्पेलिंग तसंच ठेवलं. जर्मन माणूस सायकॉलॉजीतला पी आजही म्हणतो. यात इंग्रजांना हसण्यासारखं काही नाही. आपणही ‘ज्ञान’मध्ये ज आणि ञ जोडतो आणि म्हणतो ‘द्न्यान’!

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीला गप्प बसणारा हा पी शब्दाच्या मधे आला की बोलायला लागतो. झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. त्यातलं ‘प्निया’ श्वासाचं, न्यूमोनियाच्याच घराण्यातलं. आणि पुढचा ‘अ’ आपल्या ‘अशक्य’मधल्यासारखाच नकाराचा. ‘टेरोडॅक्टिल’ (पंखांचा एक प्राचीन सरपटणारा प्राणी) याचं स्पेलिंग पी-टीने सुरू होतं, पी मुका. तोच पी ‘हेलिकॉप्टर’मध्ये स्वच्छ ऐकू येतो. हेलिकॉप्टरची फोड आपण ‘हेली’ अधिक ‘कॉप्टर’ अशी करतो, पण ती तशी नाही. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. संस्कृतात ‘पत्र’ शब्दाचा एक अर्थ पंख असा आहे, तोही याच मुळातला. एवढं कळलं की अकरावीच्या पुस्तकातला घरमाशीचा गण ‘डिप्टेरा’ पाठ करावा लागत नाही: दोन पंखवाले. एमचंही तेच. ‘निमॉनिक’मध्ये (लक्षात ठेवायची युक्ती) तो मुका असतो, ‘ॲम्नेशिया’त (स्मृती जाणं) बोलतो, दोन्ही शब्द स्मरणाचे.

म्हणून मुलीला सांगा, अख्खा शब्द घोकू नकोस, आधी तोड. ‘एमिया’ म्हणजे रक्ताशी संबंधित काहीतरी, हे एकदा बसलं की ॲनिमिया, ल्युकेमिया (‘ल्युक’ म्हणजे पांढरं) आणि हायपोग्लायसेमिया एका ओळीत उभे राहतात. हायपो आणि हायपर यांत मात्र कान टवकारायचे. रक्तातली साखर उतरली की हायपो, चढली की हायपर. एका अक्षराच्या फरकाने उपचार उलटा होईल. लक्षात ठेवायला सोपं आहे: हायपो म्हणजे आपला ‘उप’, हायपर म्हणजे ‘उपरि’, ‘उपर्युक्त’मधला. हे निव्वळ ध्वनिसाम्य नाही, नातं सख्खं आहे.

फोडीवर डोळे मिटून विसंबू मात्र नये. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल निर्माण करणारा. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे नाव दिलं तेव्हा प्रत्येक आम्लात हा वायू असतोच असा त्याचा समज होता. हायड्रोक्लोरिक आम्लात तो औषधालाही नसतो. फोड केल्याने शब्दाचा इतिहास कळतो; व्याख्या पुस्तकातूनच घ्यायची.

राहिला आघात, म्हणजे शब्दातलं कुठलं अक्षर जोर देऊन म्हणायचं. ‘लॉजी’, ‘ग्राफी’ शेवटी असेल तर जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर: बायॉलजी, जिऑग्रफी. शेवटी ‘इक’ आलं की जोर त्याच्या अलीकडच्या अक्षरावर सरकतो, म्हणून ‘ॲटम’मधला ‘ॲ’ ‘अटॉमिक’मध्ये फिका पडतो. मीटरांचा घोळ आहे: थर्मॉमिटर, बरॉमिटर, पण व्होल्टमीटर आणि ॲमीटरमध्ये ‘मीटर’ पुरं म्हणायचं. अर्थात हे इंग्रजी बोलतानाचं. मराठी वाक्यात ‘थर्मामीटर लाव’ हेच बरोबर. तिथे ‘थर्मॉमिटर’ म्हणणारा माणूस उगाच भाव खातो, असं माझं मत.

शंका आली तर इंग्रजी शब्दकोश उघडावा. उच्चार दाखवताना वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. बहुतेक कोशांत ती जोराच्या अक्षराच्या आधी असते, नंतर नाही.